तिसरीचं पोर, १७ ध्येयं आणि थर्माकोल

आज कोल्हापुरात महाद्वार रोडला स्टेशनरीच्या दुकानात एक माउली घामाघूम होऊन उभी. हातात थर्माकोलची शीट, चमकीची पुडी, रंगीत प्रिंटा. पोरगं तिसरीत, प्रोजेक्टचा विषय 'शाश्वत विकास'. पृथ्वीच्या गोळ्याभोवती १७ ध्येयांचे १७ चौकोन चिकटवायचे, उद्या सकाळी जमा. पोरगं बाहेर स्कूटीवर बसून कुरकुरे खात होतं. खाईल नाहीतर काय, प्रोजेक्ट आईचा होता!

थर्माकोल. शाश्वत विकासाला. आठवड्यात कचऱ्यात, पावसाळ्यात जयंती नाल्यात, तिथून पंचगंगेत. शाब्बास.

ही ध्येयं २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी ठरवली, मुदत २०३० ची. ती देशांनी गाठायची आहेत. आठ वर्षांच्या जिवाला ती पाठ करायला लावून काय साधणार? त्याला हात घालता येईल असं काहीतरी द्या. ओल्या कचऱ्याचं खत करायला बादली द्या.

२० लिटरची, झाकणाची. तापवलेल्या खिळ्यानं बुडाला आणि बाजूंना भोकं मोठ्यांनी पाडायची. तळाला दोन-तीन इंच नारळाच्या शेंड्या. मग ओल्या कचऱ्याच्या एका मापाला सुक्या पानांची दोन मापं, वर मूठभर जुनं शेणखत किंवा आंबट ताक. तीन-चार दिवसांनी खालवर करायचं. मुठीत दाबलं की तळहात ओलसर व्हावा, पाणी ठिबकू नये. वास आला तर ओल जास्त आणि हवा कमी, सुकी पानं वाढवा. मुंग्या झाल्या तर कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. तिसरीचं पोर हे नाकानं आणि मुठीनं शिकतं, त्याला व्याख्या लागत नाही.

बिनसतं कुठं? पोषण आहाराची उरलेली तेलकट, खारट खिचडी एकदम ओततात. चौथ्या दिवशी घाण सुटते आणि शिपाईमामा बादलीच फेकून देतात. दुसरी चूक म्हणजे पर्यावरण दिनाच्या उत्साहात जूनमध्ये सुरू करणं. आपल्याकडच्या पावसात सुकी पानं आणणार कुठून? दिवाळीनंतर पानगळीची पोती भरून ठेवा, मग सुरू करा. दोन-अडीच महिन्यांत खत होतं.

पाचवी ते आठवीला मोजायला लावा. शाळेतल्या गळक्या नळाखाली मापाचं भांडं, १० मिनिटं. १०० मिली जमलं तर तासाला ६००, दिवसाला १४.४ लिटर. टाकी नुकतीच भरलेली असताना दाब जास्त असतो, म्हणून सकाळी आणि दुपारी दोनदा मोजून सरासरी काढायची. छताचा हिशोब त्याहून सोपा: एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. २०० चौरस मीटरच्या छतावर ५० मिमी पडला की १०,००० लिटर, गळती-उडणं धरून ८,००० तरी हाताला लागतात. पर्जन्यमापक कोल्ड्रिंकच्या बाटलीचा चालतो, पण तिचं बूड खडबडीत असतं. तळात खडे टाका, सरळ भाग सुरू होतो तिथवर पाणी भरा आणि तिथं शून्य मांडा. भिंतीला किंवा झाडाला खेटून ठेवलात तर आकडे खोटे येणार.

मान्य, गुरुजनांच्या मागं निवडणूक, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, सगळं लावून दिलंय. चार्ट त्यातल्या त्यात सोपा पडतो. पण मग तो वर्गात तरी करून घ्या ना! त्या माउलीच्या डोक्यावर का? बिचारी कामावरून थेट आलेली दिसत होती. तिच्यावर राग नाही. गोळा हिरवा करायचा की निळा, हे ती दुकानदारालाच विचारत होती.

नववी-दहावीला मात्र चार्ट दिला तर तो अपमान आहे. त्यांना भांडण द्या. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी हे आकडे कोल्हापूरच्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलाय त्यांच्या घरांनी. मग नकाशावर निळी रेषा दाखवा, साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम कुणाचं, ते हलवायचं तर भरपाई कुणी द्यायची? उसाला पाट की ठिबक, आणि ठिबकच्या नळ्यांचा खर्च कुणाच्या खिशातून? वर्गात ऊसवाल्याचं पोर असतं, पूरग्रस्ताचं असतं, बिल्डरचंही असतं. सरांनी निकाल द्यायचा नाही, फक्त आकडा कुठून आणलास ते विचारायचं.

सहल काढायचीच तर पावसाळा सरल्यावर, एखाद्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात तेव्हा काढा. दोन रांगांत बरगे आणि मधे माती ठासून पाणी कसं अडवतात ते दिसतं. पावसाळ्याआधी ते काढले नाहीत तर गाळ आणि ओंडके अडकून काठ कसे खचतात, हे तिथल्या माणसाकडूनच ऐकवा. पाण्यात कुणाला उतरवू नका, बरग्यांजवळ ओढ जबर असते.