कबुतर, किटली आणि नासाचं संस्कृत

इंजिनिअर लोकांचा विनोद कोरडा असतो, ही बायकोची जुनी तक्रार. मी म्हणतो, सरकारी असतो. जीआर निघावा तशा भाषेत, कलमं-उपकलमं टाकून, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता केलेला. म्हणूनच तो तीस-तीस वर्षं टिकतो.

1 एप्रिल 1990 ला डेव्हिड वेट्झमन यांनी आरएफसी 1149 लिहिला. इंटरनेटचे नियम ज्या कागदपत्रांच्या मालिकेत नोंदवतात, त्याच मालिकेतला. विषय काय, तर पक्ष्यांकरवी डेटा पाठवणे. डेटा कागदावर छापायचा, त्याची सुरळी करून पायाला गुंडाळायची, वरून टेप. एका खेपेला साधारण 256 मिलिग्रॅम माल. वाहकाचं वय वाढलं की क्षमताही सहसा वाढते, ही नोंदसुद्धा आहे!

इथवर नुसती गंमत. पण एप्रिल 2001 मध्ये नॉर्वेतल्या बर्गनच्या लिनक्सवाल्यांनी खरोखर कबुतरं आणली. 9 पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, सोडली, 4 ची उत्तरं आली. म्हणजे 55 टक्के पॅकेट लॉस. सगळ्यात चपळ उत्तराला 53 मिनिटं लागली, सगळ्यात आळशी उत्तराला पावणेदोन तास. आणि उत्तराला किती वेळ लागला ते मोजणाऱ्या पिंग कमांडनं ती 53 मिनिटं नेहमीच्या इमानदारीत मिलिसेकंदांत छापली: 3211900.8. कबुतराच्या उड्डाणाला दशांश चिन्ह! त्या शेवटच्या आठावर आपण फिदा आहोत.

किटलीची गोष्ट 1998 ची, तीही 1 एप्रिलचीच. लॅरी मॅसिंटर यांनी कॉफीची भांडी इंटरनेटवरून चालवायचा प्रोटोकॉल, म्हणजे नियमावली, लिहिला. त्यात किटलीकडे कॉफी मागितली तर उत्तर येतं, कोड 418: मी किटली आहे. आमच्याकडे आयटी पार्कजवळ तर्री-पोहे झाले की शेजारच्या टपरीवर चहा ठरलेला. तिथे एखाद्या नव्या पोरानं कॉफी मागितली की कोपऱ्यातून आवाज येतो, "चारशे अठरा!" चहावाल्याला आता सगळं पाठ आहे. गाळणीतून नजर न काढता तोच सांगतो, "चारशे अठरा आहे भाऊ, चहा घे."

2017 मध्ये काही सॉफ्टवेअरमधून हा कोड काढायची सूचना आली, तेव्हा 15 वर्षांच्या एका पोरानं मोहीम चालवून तो वाचवला. 2022 च्या अधिकृत मानकात 418 राखून ठेवलाय. कारण? गंमत म्हणून तो इतक्या ठिकाणी बसवला गेलाय, की आता गंभीर कामाला देताच येत नाही. वा!

आता आमचा फॅमिली ग्रुप. "नासाने जाहीर केले, संस्कृत हीच संगणकासाठी सर्वोत्तम भाषा." मामा अधूनमधून टाकतात, खाली हात जोडलेले इमोजी. नासानं असं काही जाहीर केलेलं नाही. नासाच्या एम्स केंद्रातल्या रिक ब्रिग्ज या संशोधकानं 1985 मध्ये 'एआय मॅगझिन'मध्ये एक लेख लिहिला होता. संस्कृत व्याकरणकार वाक्याचा अर्थ उलगडताना कर्ता कोण, कर्म काय, कशानं, कशासाठी, अशी जी फोड करत, ती संगणकात ज्ञान मांडायच्या पद्धतीशी फार जुळते, असं त्याचं म्हणणं. राजेहो, ही खरी गोष्ट त्या फॉरवर्डपेक्षा किती भारी आहे! पण ग्रुपवर हे लिहिलं की मामांचं उत्तर तयार: "जास्त शिकला बे तू."

माझा राग याच्यावरच आहे. कबुतरवाला विनोद कपाळावर 1 एप्रिल लिहून येतो, लेखकाचं नाव देतो, क्रमांक देतो, म्हणतो उघडून पाहा. फॉरवर्डला ना तारीख, ना धनी, आणि आव मात्र कीर्तनाचा. ज्ञान म्हणून पाठवायचंच असेल तर मला तो विनोद शंभरदा चालेल.

परवा मामांना 1149 समजावून पाठवलाच. दोन पानांचा तर आहे. थोड्या वेळानं उत्तर आलं: "कबुतरं आपल्याकडे आधीपासूनच होती."