साहेब विजयदुर्गावर आले होते, पण तीस वर्षांनी

भाची सातवीत आहे, सांगलीत विश्रामबागला राहते. शनिवारी तिची वक्तृत्व स्पर्धा. परवा ताईने तिला फोनवर भाषण म्हणायला लावलं. "18 ऑगस्ट 1868 रोजी लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्गावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि जगाला हेलियम मिळाला!" कुठून आणलंस गं हे? तर 'सांगलीहून एका दिवसात विजयदुर्ग' असा व्हॉट्सॲपवरचा मेसेज. मलाही तो चौघांनी पाठवलाय. इतके दिवस गप्प बसलो, आता पोर स्टेजवर म्हणणार म्हणून लिहितोय.

मुळात ऑगस्टचा महिना. श्रावणभादव्यात गगनबावड्याचा घाट उतरून बघा, सूर्य सोडा, पुढची एसटी दिसली तरी पुष्कळ. त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ते ग्रहण गुंटूरहून पाहिलं जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने. लॉकियरना सूर्याच्या वर्णपटात हेलियमची खूण असलेली पिवळी रेषा दिसली 20 ऑक्टोबरला, इंग्लंडमध्येच, आणि ग्रहणबिहण काही नसताना! त्या माणसाची करामत हीच, आणि मेसेजवाल्याने नेमकी तीच पुसून टाकली.

आता नाइलाजाने एक कबूल करतो. लॉकियर विजयदुर्गावर आले होते. पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. 'मेल्पोमीनी' या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी हाताशी घेऊन त्यांनी गडावर दुर्बिणी मांडल्या. त्यांचा स्वतःचा अहवाल रॉयल सोसायटीने छापलाय, त्यात गाव विजयदुर्ग आणि साल 1898 आहे. यापुढे वाद कशाला? तोवर रॅम्से या रसायनशास्त्रज्ञाने 1895 मध्येच हेलियम प्रयोगशाळेत पकडला होता. म्हणजे दुर्बिणी मांडल्याची जागा म्हणून गडावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात, त्यातला साहेब खरा, साल दुसरं.

मेसेजमधलं बाकीचं भराभर. 'महाराजांनी बांधला': मूळ किल्ला शिलाहार भोजाचा, महाराजांनी तो घेऊन बळकट केला. 'कधीच पडला नाही': फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्हने तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आरमार जळालं, आणि पेशवे तेव्हा इंग्रजांच्या बाजूने होते. हे टाळ्यांचं वाक्य नाही, ठाऊक आहे. 'होडीचं तिकीट आधी काढा': अहो, तो मालवणचा सिंधुदुर्ग! विजयदुर्गात चालत जातात. आणि सिंधुदुर्गाच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, जुलैत पोरं घेऊन जाल तर जेट्टीवरूनच परत याल. गडाजवळच्या समुद्रातल्या पाण्याखालच्या भिंतीबद्दल मात्र भांडत नाही, तिचा अभ्यास झालाय.

भाचीचा चेहरा पडला. म्हटलं, 1868 चंच ग्रहण हवं ना? मग जमखिंडी घे. तिथून ते लेफ्टनंट हर्शेलने पाहिलं, ढगांच्या फटीतून. युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा नातू. आणि जमखिंडी म्हणजे आपल्या सांगलीसारखंच पटवर्धनांचं संस्थान.

ताई मागून म्हणाली, "ते आता कर्नाटकात ना रे? मार्क कापतील."