शंभर डॉलरच्या तिकिटावरून फिरणारा मेसेज कुठे चुकतो

अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या नव्या तिकीटदरांबद्दल एक मेसेज सध्या घराघरांतल्या आणि सहलीच्या ग्रुपांवर जोरात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: अमेरिकेनं भारतीय पर्यटकांवर शंभर डॉलरचा भुर्दंड लावला, जगात दुसरं कोणीच असं करत नाही, हा उघड वर्णद्वेष आहे, निसर्ग सगळ्या मानवजातीचा असताना पाहुण्याला लुटणं चूक आहे, हा पैसा सरकारच्या खिशात जातो, आणि भारतानं जशास तसं उत्तर द्यावं.

कोल्हापुरात हा मेसेज एवढा का झोंबला ते समजतं. मुलगा किंवा लेक तिकडे नोकरीला आणि उन्हाळ्यात आईवडील दोन-तीन महिने राहायला, हे आता राजारामपुरीपासून कदमवाडीपर्यंत नवं राहिलेलं नाही. गेल्यावर ग्रँड कॅन्यन किंवा योसेमिटी बघायचंच असतं. माणशी नऊ हजार रुपये जादा म्हटल्यावर पोटात गोळा येणारच. पण त्या रागात मेसेजमधली जवळजवळ सगळी विधानं खरी धरली जात आहेत, म्हणून एकेक तपासून बघू.

हे शुल्क भारतीयांवर लावलेलं नाही. १ जानेवारी २०२६ पासून यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅन्यन, झायन, ग्लेशियर अशा गर्दीच्या ११ राष्ट्रीय उद्यानांत अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या, १६ वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला नेहमीच्या प्रवेश शुल्काशिवाय १०० डॉलर जादा भरावे लागतात. वार्षिक पास रहिवाशांना ८० डॉलरला आणि बाहेरच्यांना २५० डॉलरला मिळतो, आणि तो घेतला की १०० डॉलरची भर लागत नाही. दोन-तीन उद्यानं बघायची असतील तर पासच परवडतो. मेसेज पुढे ढकलण्यापेक्षा जाणाऱ्या आईवडिलांना एवढं कळवलं तर त्यांचे पैसे तरी वाचतील.

वर्णद्वेषाच्या आरोपालाही इथेच उत्तर मिळतं. लंडनहून आलेला गोरा इंग्रज शंभर डॉलर भरतो आणि अमेरिकेचा नागरिक होऊन तिथेच स्थायिक झालेला कोल्हापूरचा माणूस भरत नाही. दर ठरतो तो राहण्याच्या ठिकाणावरून. तिथल्या इतर धोरणांवर कोणाचे आक्षेप असतील तर ते त्या त्या धोरणावर घ्यावेत. ते या तिकिटावर आणून चिकटवू नयेत.

'जगात दुसरं कोणीच असं करत नाही' हे विधान मात्र सगळ्यात जास्त खटकतं, कारण असे वेगळे दर लावणाऱ्यांत आपण फार आधीपासून आहोत. वेरूळची लेणी बघायला भारतीयाला ४० रुपये लागतात आणि परदेशी माणसाला ६००. अजिंठ्याला तेच, घारापुरीला तेच. ताजमहालात आपण ५० रुपये देतो आणि परदेशी पाहुणा ११००. मुख्य मकबऱ्यात जायचे जादा २०० रुपये दोघांनाही सारखेच. म्हणजे वेरूळला पंधरापट आणि ताजला बावीसपट. अमेरिकेच्या वार्षिक पासातला फरक सुमारे तिप्पट आहे. आपल्या सहलीच्या ग्रुपांवरून वेरूळच्या या दरफलकाचा फोटो 'बघा, परदेशी लोकांवर अन्याय' म्हणून कधी फिरला नाही.

बाकी जगाचंही तसंच. थायलंडच्या खाओ याई उद्यानात थाई माणसाला ४० बाट आणि परदेशी माणसाला ४०० बाट. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगरमध्ये परदेशी पर्यटक स्थानिकाच्या सुमारे चौपट भरतो. गॅलापागोस बेटांचं परदेशी पर्यटकांसाठीचं शुल्क १ ऑगस्ट २०२४ पासून १०० वरून २०० डॉलरवर गेलं, इक्वेडोरच्या नागरिकांना ते ३० डॉलर आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयानंही जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्यांचं तिकीट २२ वरून ३२ युरो केलं.

आणि भूतान, नेपाळ? कोल्हापुरातून दरवर्षी तिकडे सहली जातात. भूतानमध्ये इतर बहुतेक देशांचा पर्यटक रात्रीला १०० डॉलर विकास शुल्क देतो आणि आपण १२०० रुपये. नेपाळच्या चितवनमध्ये सार्क देशांचे नागरिक म्हणून आपल्याला इतर परदेशी लोकांच्या निम्मा दर लागतो. आपणही पुरातत्त्व खात्याच्या बहुतेक स्थळांवर शेजारी देशांच्या नागरिकांना भारतीय दरानं सोडतो. पासपोर्ट बघून तिकीट फाडण्याचा फायदा आपणच घेत असताना हीच पद्धत अन्यायाची आहे असं म्हणता येत नाही. जशास तशाचा मुद्दाही त्यामुळे निकालात निघतो, कारण वेरूळला येणारा अमेरिकन आजही आपल्या पंधरापट भरतो आहे.

आता मानवजातीच्या वारशाचा मुद्दा. तो मनापासून मांडला जातो, म्हणून त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं, आणि त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. राधानगरी आणि चांदोलीची जंगलं २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आली. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांमध्ये पन्हाळाही आला. वारसा जगाचा झाला, पण तो सांभाळायची जबाबदारी युनेस्कोच्या १९७२ च्या करारानुसार मुख्यतः त्या त्या देशाचीच राहते. राधानगरीच्या जंगलातल्या दाजीपूरच्या वनरक्षकाचा पगार आपल्या करातून होतो. पन्हाळ्याचा ढासळलेला बुरूज उभा करायचा खर्चही आपलाच.

पण कर ही यातली लहान गोष्ट आहे. जंगलाची खरी किंमत जंगलाकाठच्या माणसानं मोजली आहे. वारणेचं धरण आणि चांदोलीचं अभयारण्य यांच्यासाठी गावंच्या गावं उठली. त्यातली कित्येक कुटुंबं आपल्या जिल्ह्यातल्या वसाहतींत आली आणि जमिनीसाठी, नागरी सुविधांसाठी वर्षानुवर्षं खेटे घालत राहिली. त्यांचे ठिय्ये कोल्हापूरकरांनी पाहिले आहेत. राधानगरी, भुदरगडात गवा उसात आणि भातात शिरतो. एका रात्रीत वाफा झोपवतो, मग पंचनामा, मग भरपाईची वाट. आजरा-चंदगडात हत्ती आले की केळी आणि माड मोडून पडतात. गवे तर शहराच्या वेशीपर्यंत येऊन गेले. या माणसाला आणि दोन दिवसांसाठी फ्रँकफर्टहून आलेल्या पर्यटकाला गेटवर एकच दर लावणं मला समता वाटत नाही. एकानं या जंगलासाठी जमीन दिली आहे, पीक देतो आहे, आणि दुसरा फक्त बघायला आला आहे. त्याचं स्वागतच आहे. पण त्यानं जादा भरावं, आणि जंगलाकाठच्या माणसानं तर काहीच भरू नये.

महामार्गावरच्या टोलनाक्याला वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना खासगी गाडीसाठी सवलतीचा मासिक पास मिळतो. त्याला बाहेरच्यांची लूट म्हणणारा कोल्हापुरात भेटणार नाही. तत्त्व तेच आहे.

दर वाढले की परदेशी पर्यटक फिरकणारच नाहीत, असंही कोणी कोणी त्या मेसेजखाली लिहितं. विमानाच्या तिकिटाला लाखभर मोजणारा माणूस वेरूळच्या ६०० रुपयांवरून मागे फिरत नाही. अमेरिकेचा शंभराचा आकडा मात्र मलाही भारी वाटतो. योसेमिटीत एका मोटारीचं नेहमीचं तिकीट ३५ डॉलर आहे आणि त्यावर डोईमागे शंभर म्हणजे चौघांना ४३५ डॉलर. फरक असावा, पण तो एवढा असावा का, यावर वाद घालायला जागा आहे.

राहिला पैशाचा मुद्दा. मेसेजमध्ये तो जाता जाता आला आहे, आणि नेमका त्यातच जीव आहे. अमेरिकेत २००४ च्या कायद्यानं प्रवेश शुल्काचा सहसा किमान ८० टक्के भाग ज्या उद्यानात जमा झाला तिथेच राहतो. म्हणजे तिथल्यापुरता हा आरोप बराचसा खोटा आहे. आपल्याकडे व्याघ्र प्रकल्पांसाठी २००६ च्या दुरुस्तीनं व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानांची सोय झाली, त्यामुळे पर्यटनाचा पैसा प्रकल्पाच्या आणि आसपासच्या गावांच्या कामी लावता येतो. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांचं तसं नाही. तिथलं तिकीट सरकारी तिजोरीत जातं, आणि ज्या लेण्यात ते जमा झालं त्याच लेण्याच्या वाट्याला ते परत येईल याची खात्री नसते. परदेशी माणसाकडून पंधरापट घेऊन त्याला पाण्याची टाकी आणि धड स्वच्छतागृह दिसणार नसेल, तर त्याची तक्रार योग्यच आहे.

हे आत्ता बोलायला हवं, कारण नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची वाघीण चांदोलीत आणली गेली आणि सह्याद्रीत वाघ वाढायला लागले की गाड्या वाढणार. पन्हाळ्यावर तर वारशाच्या शिक्क्यानंतर गर्दीचं बोलणं सुरूच झालं आहे. उद्या तिथे दर ठरतील तेव्हा परदेशी माणसाला किती, यावर आठ दिवस वाद होईल. त्याआधी तीन गोष्टी मागून घेतल्या पाहिजेत. गेल्या वर्षीची जमा आणि खर्च दरफलकाशेजारीच लावावा. विस्थापित कुटुंबांना आणि जंगलाकाठच्या गावांतल्या शाळांना प्रवेश मोफत असावा. आणि परदेशी तिकिटातल्या जादा रकमेचा ठरलेला हिस्सा गव्यानं आणि हत्तीनं केलेल्या नुकसानीच्या भरपाईला जावा, तोही पंचनाम्यानंतर पुढचा हंगाम उलटायच्या आत.