सटरची गिरणी आणि फॉरवर्डमधलं सोनं

सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्यात तिसऱ्यांदा हेच आलं: "कॅलिफोर्नियाच्या निर्जन जंगलात जॉन सटर लाकूड कापायची गिरणी बांधत होता. पाया खणताना सोनं लागलं. गिरणी अर्धवट टाकून तो अमेरिकेतला सर्वांत श्रीमंत माणूस झाला." खाली जोडलेल्या हातांची रांग.

सटर तिथे नव्हताच. गिरणी जिथे बांधली जात होती त्या कोलोमात काम बघत होता त्याचा भागीदार, सुतार जेम्स मार्शल. सोनं पायात नव्हे, पाटात मिळालं. चाकाखालचं पाणी नदीत परत नेणारा पाट उथळ पडला होता. म्हणून दिवसा माती उकरायची आणि रात्री पाणी सोडून ती वाहून घालवायची, असा क्रम होता. २४ जानेवारी १८४८ च्या सकाळी त्यात काहीतरी चमकलं. ही तारीख टिकली ती हेन्री बिग्लर या कामगाराच्या डायरीमुळे. खुद्द मार्शल पुढे वेगळीच सांगायचा. परीक्षा घेतली स्वयंपाक करणाऱ्या जेनी विमरने. साबणासाठी उकळत असलेल्या क्षाराच्या कढईत तिने खडा टाकला. दुसऱ्या दिवशी काढला तर तसाच पिवळाधमक.

"निर्जन" हा शब्द मात्र माफ करण्यासारखा नाही. कोलोमा हे नावच तिथले मूळ रहिवासी असलेल्या निसेनान लोकांच्या गावावरून आलं. पाट खणणाऱ्यांत तेही होते. सोनं दिसल्यावर सटरने घाईघाईने त्यांच्याकडून जमिनीचा भाडेपट्टा करून घेतला. लष्करी गव्हर्नर मेसनने तो फेटाळला: मूळ रहिवाशांना जमीन भाड्याने द्यायचा हक्कच नाही म्हणे! ज्यांची नदी, त्यांनाच सही करायची मुभा नाही.

गिरणी अर्धवट राहिली नाही. मार्चमध्ये करवत चालू झाली, फळ्या निघाल्या. काही वर्षांनी ती बंद पडली. पायाची लाकडं १९४७ च्या उत्खननात सापडली.

आता श्रीमंती. सटरचे मजूर सोन्यामागे पळाले, उपऱ्यांनी त्याची गुरं मारून खाल्ली, जमिनी बळकावल्या. भरपाईसाठी सरकारदरबारी खेटे घालत तो १८८० मध्ये वॉशिंग्टनमध्ये वारला. मार्शल १८८५ मध्ये कंगाल अवस्थेत गेला. गब्बर झाला तो खाणवाल्यांना सामान विकणारा दुकानदार सॅम ब्रॅनन.

आणि नॅन्सी गूच. गुलाम म्हणून कोलोमात आणलेली ही बाई कॅलिफोर्निया राज्य झाल्यावर मुक्त झाली. खाणवाल्यांचे कपडे धुऊन तिने पैसे साठवले आणि मिसूरीत मागे राहिलेल्या मुलाला, त्याच्या कुटुंबाला बोलावून घेतलं. पुढे जिथे ती गिरणी उभी होती, ती जमीनही याच कुटुंबाने विकत घेतली.