पन्नास वर्षांच्या अलीकडच्या गाड्या

पुण्यात जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरले की गर्दी कोणत्या गाड्यांभोवती जमणार, हे घरबसल्या सांगता येते. एखाद्या संस्थानिकाची रोल्स-रॉइस, लांबलचक बोनेटची अमेरिकन ब्यूइक, पितळी दिव्यांची उघडी गाडी यांच्यापुढे फोटोसाठी रांग लागते. आणि कडेला उभ्या असलेल्या प्रीमियर पद्मिनीकडे पाहून "अरे, ही तर आमच्या काकांकडे होती" एवढे म्हणून लोक पुढे सरकतात. मला जे म्हणायचे आहे ते या पुढे सरकण्याविषयी आहे. राजेरजवाड्यांच्या गाड्या जगतील, कारण त्यांच्यामागे पैसा आहे, संग्राहक आहेत आणि आता कायद्याचे संरक्षणही आहे. ज्या गाड्यांनी आपल्या आईवडिलांना देवदर्शनाला, लग्नकार्याला आणि वेळप्रसंगी मध्यरात्री दवाखान्यात नेले, त्या फियाट, अँबेसेडर, हेराल्ड आणि मॅटाडोर मात्र भंगारात जात आहेत, आणि ज्या थोड्या उरल्या आहेत त्यांना आपण हौसेपायी बिघडवून ठेवत आहोत.

फियाटचेच पाहा. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. साखर कारखान्यामुळे पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर आपल्याला ठाऊक असते, पण त्याच गृहस्थांनी कुर्ल्याला मोटारीही जुळवल्या, हे आज फारसे कोणी सांगत नाही. सुरुवातीला तिथे डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या अमेरिकन गाड्या जोडल्या जात. पुढे पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटची ११०० ही छोटी गाडी आली. तिच्या पुढच्या भागाच्या गोलसर ठेवणीमुळे मराठी माणसाने तिला 'डुक्कर फियाट' म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव कंपनीच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त टिकले. तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडत. नंतर सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ सालची ११०० डी, मग डिलाइट, आणि १९७४ पासून पद्मिनी, अशी ही वंशावळ चालत आली. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टीअरिंगला, पुढे अखंड सीट आणि मागे पाटे. या यंत्रणेवर एका मोठ्या मध्यमवर्गाने आपले पहिले 'गाडीवाले' दिवस काढले.

आमच्या घरी डिलाइट होती. वडिलांनी ती जुनीच घेतली होती, कारण नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबण्याइतका धीर त्यांच्याकडे नव्हता. त्या काळात नंबर लागलेली कोरी गाडी लगेच विकली तर वर पैसे मिळत. आज शोरूमच्या दारातून बाहेर पडताच गाडीची किंमत उतरते, हे वडिलांच्या पिढीतल्या अनेकांना शेवटपर्यंत पटले नाही. पुढच्या सीटवर वडील, आई आणि मध्ये मी, मागे दोन आत्या, आजी आणि चिवड्याचा डबा, एवढा ऐवज घेऊन आम्ही उन्हाळ्यात मुंबईला निघत असू. द्रुतगती मार्ग तेव्हा नव्हता, त्यामुळे बोरघाट हा प्रवासातला खरा पेपर असे. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाशी आजी खिडकीतून नाणे टाकायची, आणि ते नेमके देवळापाशी पडले की नाही यावर मागच्या सीटवर पुढचे दोन-तीन किलोमीटर चर्चा चाले.

परतीच्या वाटेवर, भर उन्हात चढ चढताना, गाडी दोन-चार आचके देऊन बंद पडण्याचा प्रकार हमखास होई. इंजिनावरून चालणारा यांत्रिक पेट्रोल पंप असलेल्या त्या काळच्या बहुतेक गाड्यांना हा त्रास होता. पंप इंजिनालगत बसवलेला. चढावर वेग कमी असल्याने वारा पुरेसा मिळत नाही, इंजिन तापते, पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप वाफ काही ढकलू शकत नाही. वडील बोनेट उघडत, पाण्याच्या कॅनमधून फडके भिजवून पंपावर ठेवत, आणि आम्ही दरीकडे तोंड करून चिवडा खात बसू. थोड्या वेळाने गाडी काहीच झाले नसल्यासारखी सुरू होत असे. पुढे कित्येकांच्या गाडीत ते फडके पंपाला कायमचेच गुंडाळलेले मी पाहिले आहे. आज बोनेट उघडल्यावर वर नुसते काळे प्लॅस्टिकचे झाकण दिसते आणि मालकाने करण्यासारखे काही उरलेले नसते. नव्या गाड्या अधिक सुरक्षित आहेत, कमी धूर सोडतात आणि घाटात बंद पडत नाहीत, हे मला मान्यच आहे. रोजच्या कामाला मीही नवीच गाडी वापरतो. जुन्या गाडीचे समर्थन सोयीच्या मुद्द्यावर करायला गेले की माणूस हास्यास्पद होतो, आणि तसे ते करण्याची गरजही नाही.

गाडीइतकीच जपायला हवी ती तिच्यावर काम करणाऱ्या माणसांच्या हातातली जाण. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांच्या गर्दीत आमच्या उस्तादांचे गॅरेज होते; गॅरेज म्हणजे एक शटर आणि समोरचा रस्ता. गाडी नीट ओढत नाही अशी तक्रार घेऊन गेलो की ते आधी काही बोलत नसत. इंजिन चालू ठेवून सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरत, फुंकर एकसारखी येते की मध्येच चुकते ते पाहत, आणि मग डिस्ट्रिब्यूटरचे, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाचे, झाकण काढत. आतले पॉइंट, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी धातूची टोके, ठिणग्यांनी खडबडीत झालेले असत. पॉलिश पेपरची घडी पॉइंटच्या फटीत घालून ते दोनदा ओढत, फिलर गेजची पाती घालून फट मोजत, स्क्रू आवळत, पुन्हा मोजत, कारण आवळताना फट हलते. वायरी परत लावताना तोंडाने 'एक, तीन, चार, दोन' पुटपुटत. चार सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा तो क्रम. फियाट असो की अँबेसेडर, क्रम तोच. मग टाइमिंगसाठी डिस्ट्रिब्यूटर अगदी केसभर फिरवायचा आणि कानाने ऐकायचे. ही विद्या कोणत्याही पुस्तकात मिळते, पण केसभर म्हणजे किती ते पुस्तकात मिळत नाही. अशी माणसे आता सत्तरीत आहेत आणि त्यांच्या मुलांनी, अगदी योग्य कारणांसाठी, दुसरे उद्योग धरले आहेत.

आता बिघडवण्याविषयी. गेल्या काही वर्षांत 'रिस्टोरेशन' हा मोठा व्यवसाय झाला आहे. गंजलेला पत्रा कापून नवा जोडणे, तळ सोडलेली गाडी पुन्हा उभी करणे, हे मोठ्या कौशल्याचे काम आहे आणि ते करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. परंतु धडधाकट, घरात सांभाळलेली, मूळ रंगातली गाडीही आज केवळ हौसेसाठी पार पत्र्यापर्यंत घासली जाते. मूळचा ड्युको रंग पातळ असे, त्याची चमक मऊ असे आणि वर्षानुवर्षे पॉलिश केल्याने कडांवर खालचा प्रायमर डोकावत असे. त्याच्या जागी आरशासारखा, दोन घटक मिसळून मारायचा टूपॅक रंग येतो, तोही कंपनीने कधीच न दिलेल्या छटेत. सीटचे मूळ रेक्झिन जाऊन तपकिरी चामडे येते, चाकांना अलॉय बसतात, स्टीअरिंगचा गिअर काढून खाली आणला जातो, आणि बोनेटखाली एखादे जपानी इंजिन बसवून वर पॉवर स्टीअरिंग जोडले जाते. मालक म्हणतात, "आता कशी नव्यासारखी चालते!" नव्यासारखी चालणारी गाडी हवी असेल तर नवी घ्यावी, हे माझे उत्तर पुणेरी वाटले तरी त्यात तिरकसपणा नाही. घासून काढलेला मूळ रंग कितीही पैसे मोजून परत आणता येत नाही. जुन्या वाड्याचे सागवानी खांब काढून ग्रॅनाइट लावले तर त्याला कोणी वाडा जपला असे म्हणत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र अशा कामाला आपण बक्षिसे देतो. प्रदर्शनांच्या परीक्षकांनी हात न लावलेल्या, वापरातल्या, थोड्या फिकटलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग ठेवावा आणि त्याला वरचा मान द्यावा, अशी माझी सूचना आहे.

कायद्याने या बाबतीत एक चांगले पाऊल उचलले आहे, पण ते अर्ध्यावर थांबले आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीची स्वतंत्र व्यवस्था केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली खासगी गाडी या वर्गात नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि फेरनोंदणीला ५,००० रुपये शुल्क आहे, नोंदणी दहा वर्षे चालते, आणि नव्याने क्रमांक घेतला तर त्यात 'व्हीए' ही अक्षरे येतात. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. जुन्या नंबरप्लेटवर जीव असणाऱ्या माझ्यासारख्याला ही तरतूद सगळ्यात आवडली. मात्र या वर्गातली गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती फिरू शकते. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन भजी खाऊन येणे हे यातल्या कशात बसते, ते ज्याने त्याने ठरवावे.

खरी अडचण पन्नास वर्षांच्या अलीकडच्या गाड्यांची आहे. १९८५ सालची पद्मिनी पन्नाशी गाठणार २०३५ मध्ये. पिंपरीत तयार झालेली, मागे मोठी वळलेली काच आणि दोनच दरवाजे असलेली टाटा सिएरा १९९१ साली आली. तिला २०४१ पर्यंत थांबावे लागेल. तोपर्यंत या गाड्या कायद्याच्या लेखी केवळ जुनी वाहने आहेत: पंधरा वर्षांनंतर पुन्हा पासिंग, दर पाच वर्षांनी नूतनीकरण, वाढलेले शुल्क, शिवाय पर्यावरण कर. आंतरराष्ट्रीय पातळीवर जुन्या वाहनांच्या संघटनांचा महासंघ तीस वर्षांपुढच्या, मूळ स्वरूपात जपलेल्या आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरल्या जाणाऱ्या वाहनाला ऐतिहासिक मानतो. आपल्याकडेही तीस ते पन्नास यांच्या मधल्या गाड्यांसाठी असा एखादा वर्ग असावा. वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा घाला, मूळ स्वरूपाची कडक तपासणी करा, पण भंगाराच्या रांगेतून त्यांना बाजूला काढा. धुराच्या मुद्द्यावर मी वाद घालणार नाही. कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांत्रिक पद्धतीने मिसळणारी, गाडी आजच्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते. परंतु महिन्यातून दोनदा गावाबाहेर फेरी मारणाऱ्या मूठभर गाड्यांमुळे शहराची हवा बिघडते, हे कर्वे रस्त्यावर संध्याकाळी उभे राहून कोणी म्हणत असेल तर त्याच्या धैर्याचे कौतुक करावे लागेल.

इंधनाचा प्रश्नही आहेच. देशात २००० साली शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र आले तेव्हा जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो त्या कडा, झिजू लागण्याची भीती होती, कारण शिसे तिथे मऊ थरासारखे काम करत असे. हेड उघडले की कडक धातूच्या सीट बसवून घेणे हा त्यावरचा उपाय ठरला. आता वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने नवा त्रास आणला आहे. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते आणि चिरा पाडते, त्यामुळे नळ्या आणि पंपाचा पडदा लवकर जातो. ते ओलावा धरून ठेवते, आणि पावसाळाभर गाडी उभी राहिली तर टाकीत आतून गंज चढतो. शिवाय कार्ब्युरेटरला इंधन बदललेले कळत नाही, त्यामुळे मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडून गाडी तापते. नळ्या आणि पडदे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावेत, आणि जाणकाराकडून कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारे छिद्र) थोडा मोठा करून घ्यावा.

आपल्यापैकी कोणाच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गावच्या घराच्या पडवीत आजोबांची अशी गाडी ताडपत्रीखाली उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तिच्याकडे एक रविवार द्यावा. उत्साहाच्या भरात नवी बॅटरी जोडून थेट स्टार्टर मारू नये. आधी टाकीतले जुने पेट्रोल काढावे. वासावरूनच त्याचे काय झाले आहे ते कळेल. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे आणि एक रात्र मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी, हँडलची सोय असेल तर हँडलने, नसेल तर टॉप गिअर टाकून गाडी हाताने पुढेमागे ढकलून, इंजिन सहज फिरते का ते पाहावे. फिरले तर तेल बदलावे, पॉइंट साफ करावेत आणि मगच ठिणगी द्यावी. इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात लगेच रस्त्यावर निघू नये, कारण इतक्या वर्षांत ब्रेकच्या सिलिंडरमधली रबरे बहुधा कडक झालेली असतात. ती आधी बदलून घ्यावीत. फियाटची ही रबरे अजून सहज मिळतात.