खरेदीखत की भाडेपट्टा?

सुध्याचा जावई ऑकलंडला गेल्यापासून न्यूझीलंड हा आमच्या कट्ट्याचा घरगुती विषय झालाय. तिकडे पाऊस पडला की इकडे सुध्या शिंकतो. काल सकाळी मन्याने तिथल्या मूळच्या माओरी लोकांतल्या त्या खासदार पोरीचा व्हिडिओ पुन्हा लावला, माओरींच्या जुन्या कराराचा अर्थ नव्याने लावणारं विधेयक टर्रकन फाडून हाका (त्यांचा पारंपरिक नाच) सुरू करते तो, आणि सुध्या पेटला.

"संसदेत नाचतात का? सगळ्यांना समान हक्क, एवढंच म्हणत होता ते विधेयक आणणारा तो सेमूर. १८४० चा कागद किती मिरवायचा? आमचा जावई म्हणतो..."

"किती वर्षं झाली त्याला तिथे?" भाऊने विचारलं.

"तीन."

"मग बरोबर. नवा भाडेकरूच सोसायटीच्या घटनेवर जास्त बोलतो."

(भाऊ म्हणजे निवृत्त तलाठी. माणसाकडेही सातबारा तपासल्यासारखं बघतो.)

"आणि कागदाचंच बोलायचं तर, तो १८४० चा कागद, म्हणजे इंग्लंडची राणी आणि माओरी सरदारांमधला वैतांगीचा करार, दोन भाषांत आहे. मिशनरी हेन्री विल्यम्सने मुलाला हाताशी घेऊन एका रात्रीत भाषांतर उरकलं. इंग्रजीत, सार्वभौमत्व राणीला दिलं. माओरीत शब्द कावानातांगा, म्हणजे नुसता कारभार. जमिनीवरची सरदारकी तुमचीच. सह्या ५०० च्या वर, त्यातल्या इंग्रजी प्रतीवर ३९. एकाच्या हातात खरेदीखत, दुसऱ्याच्या हातात भाडेपट्टा! माझ्याकडे आला असता तर मी फेरफार धरलाच नसता."

"चहापाण्याशिवाय तर नाहीच," मन्या म्हणाला.

"माझ्या दीड गुंठ्याची नोंद दोन वर्षं लटकवलीन यानं," सुध्याला जुनं गळू आठवलं.

"चुलत्याची सही नव्हती."

"अंगठा होता!"

"होता. चुलता त्या दिवशी मुंबईत होता."

यावर सुध्याने चहा मागवला. मग म्हणाला, "पण जमिनी विकल्याच ना त्यांनी?"

"कोणाला? करारात गिऱ्हाईक एकच, सरकार. मग भाव कोण ठरवणार? विकायला तयार नव्हते तिथे १८६३ चा कायदा आणला. बंडखोर ठरवून वायकाटोत १२ लाख एकर जप्त. १८७७ मध्ये न्यायाधीश प्रेंडरगास्ट म्हणाला, करार म्हणजे शून्य. सही घेताना करार, जमीन मागायला आलात की रद्दी!"

"१९९५ ला १७ कोटी डॉलर दिले की! माफीसुद्धा मागितली. जावयाने सांगितलंय."

"मन्या, भाग दे."

मन्याने मोबाइल काढला. "एकरी दीडशे डॉलरसुद्धा नाही."

"आणि सुध्या, तू बिल्डरकडे दीड गुंठ्याचे किती मागतोयस?"

सुध्या बशीत बघत राहिला. मला, खरं सांगतो, बरं वाटलं.

"ते विधेयक पडलं कितीने?" मन्याने मुद्दाम विचारलं.

"११२ विरुद्ध ११."

"म्हणजे सोसायटीच्या निवडणुकीत सुध्या पडला त्याच मापाने."

आता मात्र सुध्याने थेट जावयालाच फोन लावला, स्पीकरवर. "जावईबापू, या अडाण्यांना सांगा, तिथल्या सामान्य माणसाला त्या विधेयकाविरुद्धच्या माओरी मोर्च्याबद्दल काय वाटतं ते."

"मोर्चा? हीकोई ना? मी गेलो होतो की, बाबा."

"तुम्ही?"

"हार्बर ब्रिजवर एरवी चालायला देत नाहीत हो. फोटो काय सुंदर आलेत! पाठवू?"

मन्याच्या नाकातून चहा आला. भाऊने सुध्याच्या पाठीवर थाप मारली आणि चहाचे पैसे सुध्याच्याच खात्यावर मांडायला सांगितले.