गेटवरचं खोकं

पुन्हा तेच. निवाऱ्याच्या गेटपाशी रात्री ठेवलेलं खोकं, आत डोळे न उघडलेली कुत्र्याची पिल्लं आणि गायीच्या दुधाची वाटी. वर पुण्य केल्याचं समाधान!

अहो, डोळे उघडायलाच १०-१४ दिवस लागतात. तोवर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, बाटलीने पाजावं लागतं. तेही पालथं धरून. उताणं पाजलं की दूध फुप्फुसात. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, मगच दूध, नाहीतर पचत नाही. शी-शूसाठी ओल्या कापसाने पुसायचं. हे सगळं आई फुकटात करते. मग उचलता कशाला?

त्यात पार्वो, पिल्लांचा जीव घेणारा विषाणू. त्याची लस सहसा सहाव्या आठवड्याआधी देत नाहीत. म्हणजे नवीन पिल्लू १४ दिवस वेगळं, फरशी आधी साबणाने, मग ३० भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून दहा मिनिटं ओली ठेवायची. देणगीत येतं काय, तर फिनेल! त्याने पार्वो मरत नाही, मांजरांना मात्र विषबाधा होते.

पिल्लं दूध सुटलेली झाली की आईला नसबंदीसाठी आणा. दिवसा, फोन करून. आणि हो, नंतर ती तुमच्याच गल्लीत परत येणार. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचा २०२३ चा नियमच तसा आहे.